न दुखणारा पाय

नांदेड व लातूर जिल्ह्यांत मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर चढतो. तापलेल्या देवळाच्या फरशीवर अनवाणी पाऊल पडताच ते आपोआप मागे घेतले जाते. ज्या वृद्धाचे पाऊल मागे येत नाही, त्याच्या सोशिकपणाचे घरात कौतुक होते. वस्तुतः तेथे चिंता वाटावयास हवी.

कमरेतून निघून पायाच्या बोटांपर्यंत पोचणारे मज्जातंतू शरीरात सर्वांत लांब, सुमारे एक मीटर असतात. त्यांना इजा होऊ लागली की शेवटचे टोक आधी दुबळे होते. त्यामुळे विकार बहुधा दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन मोजा चढवावा तसा वर सरकतो. मधुमेह हे त्याचे प्रमुख कारण होय. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव व दीर्घकाळचे मद्यपान हीही कारणे आहेत. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ही उणीव उद्भवू शकते. दूधदुभते अल्प असणाऱ्या शाकाहारी घरांतही ती आढळते. त्वचेवर बधिर चट्टा असल्यास कुष्ठरोगाची शंका घ्यावी. त्याचे औषध शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळते.

प्रारंभीची लक्षणे क्षुल्लक वाटतात. रात्री तळपायांची आग होते, मुंग्या येतात, पांघरुणाचा स्पर्शही नकोसा होतो. पुढे गादीवर चालल्याचा भास होतो. चेहऱ्यावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जातो. चालता चालता चप्पल पायातून निसटते आणि चार पावले पुढे गेल्यावर ध्यानात येते. कित्येकदा काही महिन्यांनी आग थांबते, आणि रुग्णास बरे वाटले असे समजून घरचे निर्धास्त होतात. आग शमली आणि स्पर्शही कळेनासा झाला, तर तो आराम नव्हे.

वार्धक्यात घोट्याजवळची संवेदना थोडी मंदावते, हे खरे. परंतु ‘वय झाले’ हे निदान नव्हे. सोयाबीन काढल्यानंतर शेतात उरलेली धसकटे तळव्यात रुततात. बधिर पायाला ती कळत नाहीत आणि जखम चिघळल्यावरच दिसते. हिवाळ्यात शेकोटीजवळ किंवा कढत पाण्यात पाय शेकण्याची सवयही अशा वेळी घातक ठरते. नवरात्रातील अनवाणी व्रत आणि आश्विनातील तुळजापूरची पायी वाट यांविषयीची श्रद्धा आदरणीयच आहे; तथापि बधिर पायांनी अनवाणी चालू नये, हे स्पष्ट सांगावयास हवे.

घरच्या घरी करण्याजोगी एक सोपी परीक्षा इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी प्रचारात आणली आहे. वृद्धाने डोळे मिटून पडावे. घरातील कोणी त्याच्या दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटे व करंगळ्या यांच्या टोकांना एक-दोन सेकंद बोटाने हलकेच स्पर्श करावा, दाबू नये. सहांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर डॉक्टरांना दाखविणे आवश्यक आहे. जखम असल्यास त्याच दिवशी जावे.

नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत पुढील तपासणी होऊ शकते. डॉक्टर कंपनकाटा व नायलॉनचा बारीक धागा लावून संवेदना पाहतात आणि रक्तातील साखर तपासतात. तपासणीस जाताना पुष्कळजण ठेवणीतली चप्पल घालून जातात. त्याऐवजी शेतात वापरावयाची जुनी चप्पल न्यावी. तिचा झिजलेला तळ, वर आलेला खिळा किंवा रुतून बसलेला बाभळीचा काटा डॉक्टरांना पाहता येतो.