मंडळ्यांच्या ऐक्याविषयी भाचीस पत्र

हिंगणघाट

चि. बाळ हीस,

तुझे पत्र परवा पोचले. शब्बाथ शाळेतील एका मुलाने, वर्गात आपल्या शेजारी बसणारा मित्रही येशूचाच भक्त असताना तो आपल्या देवळात का येत नाही, असे तुला विचारले. तू ‘आपण सारे एकच आहोत’ एवढे सांगून पुढचा धडा सुरू केलास. परंतु त्या उत्तराने मुलाचे समाधान झाले नाही आणि तुझेही झाले नाही, हे तू मोकळेपणी लिहिलेस याचा मला आनंद वाटला. तू सांगितलेस ते असत्य नाही, पण अपुरे आहे, आणि मुलांना अपुरेपण फार लवकर उमगते.

शाळेच्या सभेत किंवा एखाद्याच्या अंत्यविधीला आपली आणि कॅथलिक मुले एकत्र उभी राहून प्रभूची प्रार्थना म्हणू लागली, म्हणजे काय होते ते तू पाहिले असशीलच. स्वर्गातील पित्याला हाक मारण्यापासून रोजच्या भाकरीपर्यंत आणि अपराधांच्या क्षमेपर्यंत सर्वांचा सूर एक असतो. वाइटापासून सोडविण्याच्या विनंतीपाशी आले की कॅथलिक मुलांचे ‘आमेन’ होते आणि आपली मुले मात्र राज्य, सामर्थ्य व गौरव यांचा उच्चार करीत पुढे जातात. मग कोणी चपापून थांबतो, कोणी आवाज चढवितो, आणि ‘त्यांना पुरती प्रार्थना येत नाही’ अशी कुजबूज सुरू होते. त्या क्षणी तू त्यांना खरी हकीकत सांगावीस, की मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत प्राचीन हस्तलिखितांत ते शेवटचे शब्द आढळत नाहीत, पण अगदी आरंभीच्या काळापासून ख्रिस्ती लोक उपासनेत ते स्तुतिवचन जोडीत आले आहेत, आणि आज कॅथलिकांच्या मिस्सामध्येही ते थोड्या अंतराने म्हटले जाते. एवढे ऐकल्यावर मुलाच्या मनातून दुसऱ्याच्या अज्ञानाची कल्पना जाते आणि तिच्या जागी जिज्ञासा येते. ऐक्याच्या शिक्षणाचा आरंभ मी येथूनच धरतो.

यानंतर त्यांना विदर्भाचा नकाशा काढावयास लाव. नागपुरास १८४५ साली स्टीफन हिस्लॉप आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणून वर्धा नदीच्या अलीकडचा नागपूरकडील मुलूख मुख्यत्वे स्कॉटिश मिशनच्या वाट्यास आला. नदी ओलांडून वऱ्हाडात शिरले की अमरावती, अकोला, खामगाव या बाजूस अमेरिकेची ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, यवतमाळास फ्री मेथडिस्ट, बुलढाणा-वाशीमकडे नाझरीन. एकाच्या कार्यक्षेत्रात दुसऱ्याने शिरू नये अशी मिशनांमध्ये आपसांत समजूत असे, आणि सरकारने तहसिलींच्या हद्दी आखाव्या तशा पंथांच्या हद्दी आखल्या गेल्या. आपल्या पूर्वजांनी ख्रिस्ताला मनापासून स्वीकारले यात शंका नाही, परंतु पंथ त्यांनी निवडला नाही; त्यांचे गाव ज्या हद्दीत पडले त्या हद्दीचा पंथ त्यांच्या पदरी पडला. हे फ्री चर्च तरी निघाले कशातून? मंडळीवर पाळक नेमण्याचा अधिकार जमीनदाराचा की मंडळीचा, या स्कॉटलंडातील वादातून १८४३ साली ते राष्ट्रीय चर्चपासून फुटले, आणि १९२९ साली ती फूट तेथे बव्हंशी सांधलीही गेली. कपाशीच्या शेतात राबणाऱ्या आपल्या माणसाचा त्या जमीनदारांशी कोणता संबंध होता? मुलांनी हा नकाशा स्वतःच्या हाताने रंगविला, आणि यवतमाळ येथे १९५३ साली अनेक मिशनांनी एकत्र येऊन पाळकांच्या शिक्षणासाठी युनियन बिब्लिकल सेमिनरी काढली ती जागाही त्यावर दाखविली, म्हणजे हद्दी मनुष्यांनी घातल्या आणि मनुष्यांनीच त्या पुसावयास आरंभ केला, हे त्यांना न सांगता कळेल.

मात्र येथे एक इशारा देणे मला अवश्य वाटते. सगळेच भेद नकाशाचे आहेत असे मुलांच्या मनात भरवू नकोस. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यावा की समज येऊन विश्वास कबूल करणाऱ्याला, बिशपाचे पद कोठून येते, प्रभुभोजनाच्या भाकरीत प्रभू कोणत्या प्रकारे उपस्थित असतो, पोपचा अधिकार कुठवर, हे प्रश्न खरे आहेत आणि त्यांवर सज्जनांनी आयुष्ये वेचली आहेत. आपल्या नागपूरचेच उदाहरण घे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले. त्यांत अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेचे होते, बाप्टिस्ट होते, ब्रेदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट होते. या ऐक्याची बोलणी १९२९ साली लखनौस सुरू झाली होती. म्हणजे हे ऐक्य घडून यावयास चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तो लागला याचे कारण कोणी कोणाच्या श्रद्धेवर पांघरूण घालावयास तयार नव्हते. शेवटी लहान बाळाचा आणि प्रौढाचा असे बाप्तिस्म्याचे दोन्ही प्रकार मंडळीत ग्राह्य धरण्यात आले, व कोणत्याही पाळकाने आपली पूर्वीची सेवा खोटी होती असे कबूल न करता सर्वांच्या सेवा एकत्र आणल्या गेल्या. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट अखेरच्या क्षणी या करारातून बाहेर राहिले, हेही मुलांना सांग. अर्धवट सांगितलेला इतिहास मोठेपणी मुलांना शिक्षकाविषयी संशयी करतो.

आणि रीती निराळ्या असणे म्हणजे फूट नव्हे, याचा दाखला तुझ्या वर्ध्यातच आहे. वर्धा जिल्हा कॅथलिकांच्या ज्या चांदा धर्मप्रांतात मोडतो तो सिरो-मलबार परंपरेचा आहे. त्याची उपासनापद्धती रोमची नसून केरळातील प्राचीन सुरियानी वळणाची आहे, तरी पोपशी त्याची निष्ठा अभंग आहे. नागपूरचे कॅथलिक लॅटिन रीतीने आराधना करतात, वर्ध्याचे पूर्वेच्या रीतीने, आणि दोघेही एका मंडळीचे. इस्पितळात काम करणाऱ्या केरळच्या एखाद्या सिस्टरला विनंती कर; ती आपल्या मुलखातील उपासनेविषयी मुलांना आनंदाने सांगेल.

आता शिकवावे कसे. वर्ध्यात राहणाऱ्याला हा प्रश्न पडू नये असे मी म्हणेन. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी याच गावी जी शिक्षणपरिषद भरली तिच्यातून नयी तालीम उभी राहिली, आणि हाताने केलेल्या उपयुक्त कामातून बुद्धी व हृदय घडावे हे तिचे मुख्य सूत्र होते. सेवाग्रामला ते कार्य वाहणारे आर्यनायकम् हे सिलोनचे ख्रिस्ती. पुढे तेथे शिक्षकांना घडविणाऱ्या मार्जोरी साइक्स क्वेकर, म्हणजे ज्यांच्यात ना पुरोहित ना बाप्तिस्म्याचा विधी. मगनवाडीत ग्रामोद्योगांसाठी आयुष्य वेचणारे कुमारप्पाही येशूचे निष्ठावान अनुयायी. गांधीजींच्या प्रिय प्रार्थनागीतांपैकी एक जॉन हेन्री न्यूमन यांनी १८३३ साली अँग्लिकन धर्मोपदेशक असताना रचले. तेच न्यूमन १८४५ साली कॅथलिक झाले आणि पुढे कार्डिनल. ते गीत कोणत्या मंडळीचे, असा प्रश्न मुलांना अवश्य घाल आणि उत्तराची घाई करू नकोस.

तेव्हा मुलांना काम दे. नाताळात तुमची मुले एका रात्री घरोघर गाणी म्हणत हिंडतात आणि कॅथलिक मुले दुसऱ्या रात्री. एक रात्र तरी दोघांनी मिळून हिंडावे, रेव्हरंड टिळकांची ख्रिस्ती भजने त्यांनी शिकावी आणि त्यांची गीते तुम्ही. २ नोव्हेंबरला कॅथलिक कुटुंबे आपल्या मृतांच्या कबरी झाडून मेणबत्त्या लावतात. त्याच्या आदल्या दिवशी तुझा वर्ग खुरपी-झाडू घेऊन त्यांच्या कबरस्तानात जावा, आणि ईस्टरपूर्वी त्यांनी आपल्याकडे यावे. गवत उपटताना मुले कबरींवरची नावे वाचतात, आडनावे ओळखतात, आपलीच नातीगोती दोन्हीकडे सापडतात. मी कितीही लिहिले तरी तेवढे काम माझ्या पत्राने होणार नाही.

या सर्वांच्या अगोदर स्वतःच्या जिभेवर पहारा ठेव. घरात वडील माणसे दुसऱ्या मंडळीच्या मूर्ती, मेणबत्त्या किंवा टाळ्या यांविषयी जे हिणवून बोलतात तेच मूल रविवारी तुझ्यापुढे घेऊन येते. त्यास रागावू नकोस, पण ते वर्गात खपवूनही घेऊ नकोस. आपल्या मंडळीची प्रश्नोत्तरी मात्र कसून पाठ करून घे, कारण ज्याला स्वतःच्या घराची ओळख नाही तो दुसऱ्याकडे पाहुणा म्हणूनही नीट जाऊ शकत नाही.

१८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताह १९०८ पासून पाळला जात आहे. त्या सप्ताहात मुलांची एक संयुक्त सभा घ्यावी असे तुझ्या मनात असेल तर पाळकसाहेब आणि फादर या दोघांनाही तू स्वतः जाऊन भेट, निरोप पाठवू नकोस, आणि पालकांनाही आधी कळव. नकाशासाठी जुनी पुस्तके लागतील ती माझ्या कपाटात आहेत. पुढच्या खेपेस बरोबर आणीन.

आईस नमस्कार सांग. कळावे.

तुझा,
मामा