डोंगराचा आणि बंद घराचा फोटो



कॅमेऱ्याने काढलेला, आजवर टिकलेला जगातला सर्वांत जुना फोटो कशाचा आहे, माहीत आहे का? तो राजाचा नाही, किल्ल्याचाही नाही. फ्रान्समधल्या न्येप्स नावाच्या माणसाने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या खेड्यातल्या घराच्या खिडकीतून तो काढला. त्यात नुसती छपरे आणि भिंती दिसतात. त्याला कित्येक तास लागले होते. आता मोबाईलवर फोटो लगेच निघतो, पण तो चांगला यायला थोडा विचार करावा लागतो.

डोंगराचा फोटो : आपल्या संगमेश्वर तालुक्यातून सह्याद्री पूर्वेला दिसतो. सकाळी सूर्य डोंगराच्या मागून येतो, म्हणून डोंगर काळा दिसतो. संध्याकाळी ऊन समोरून डोंगरावर पडते. तेव्हा कडे, घळी आणि झाडी वेगवेगळी दिसतात. म्हणून आपल्याकडे डोंगराचा फोटो संध्याकाळी काढावा. लांबचे डोंगर फिकट निळे दिसतात, कारण मध्ये हवा, धूळ आणि बाष्प असते. पावसाची सर येऊन गेली की धूळ बसते आणि डोंगर स्वच्छ दिसतो. नुसता डोंगर घेतला तर तो टेकडीएवढा वाटतो. जवळ एखादे झाड, गोठा नाहीतर माणूस घ्यावा, मग उंची कळते.

बंद घराचा फोटो : भर दुपारी काढू नये. ऊन तिरपे असले म्हणजे जांभ्या दगडाची भोके आणि मातीच्या भिंतीच्या भेगासुद्धा उठून दिसतात. एक फोटो पूर्ण घराचा घ्यावा. मग ओटी, दार, तुळशीवृंदावन यांचे वेगळे घ्यावेत.

घरं बंद का झाली? आपल्याकडची पुष्कळ माणसे मुंबईला गिरणीत कामाला गेली. १९८२ साली गिरण्यांचा मोठा संप झाला. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, पण बरीच माणसे तिकडेच राहिली. बंद घर लवकर पडते. त्याचे कारण असे की कौले कोणी परतत नाही. एक कौल फुटले की पाणी आत येते, वासा कुजतो, वाळवी लागते, माती भिजते आणि भिंत बसते. चूल पेटती असली की धुराने लाकडाला कीड कमी लागते, असे आजी सांगते.

आमच्या वरच्या वाडीत पाच घरं बंद होती. गेल्या पावसात त्यातले एक पडले. आता त्या घरची माणसे मुंबईहून फोन करून विचारतात, घराचा फोटो कोणाकडे आहे का? कोणाकडेच नाही. आजी म्हणते, झोपाळा ओटीच्या डाव्या अंगाला होता. शेजारच्या काकी म्हणतात, छे, उजव्या! आता कोण सांगणार? बाकीची चार घरं अजून उभी आहेत.

फोटो काढताना हे पाळा :

१. मालकाला किंवा त्याच्या भावकीला आधी विचारा.
२. आत जाऊ नका. वासे पडतात, विंचू-सापही असतात.
३. एकटे जाऊ नका. मोठे माणूस बरोबर असू द्या.
४. वस्तू हलवू नका, उचलू नका.
५. काच कपड्याने पुसा. कोपरे अंगाला टेकवा, म्हणजे हात हलत नाही.
६. घर कोणाचे, वाडी कुठली आणि तारीख वहीत लिहा. नाव नसलेला फोटो पुढे कोणाला ओळखू येत नाही.

पालकांनो, तुमच्याकडे लग्नाचा, बारशाचा जुना फोटो असेल तर नीट बघा. माणसांच्या मागे एखादे घर दिसत असेल. तो शाळेत दाखवायला आणा. आणि उरलेल्या चार घरांचे फोटो पाऊस सुरू होण्याआधी काढायला आम्हाला मदत करा.

– इयत्ता चौथी