बोटांना दोष देण्याआधी

शिकाऊ पोरगं गिटारला कधी नावं ठेवत नाही. तार दाबून बोटाची कातडी सोलली, सूर खरखरला, गाण्याशी जुळेना, की ते सगळा दोष आपल्याकडे घेतं. आपल्याला कानच नाही, आपल्या हातात कलाच नाही, असं ठरवून मोकळं होतं. औंढा नागनाथ आणि भोवतालच्या गावांत मी गिटार वाजवतो आणि शिकवतो. १४ एप्रिलला भीमजयंती सुरू झाली की मे संपेपर्यंत रात्री गायन पार्ट्यांबरोबर जातात, त्यातच लग्नसराई असते, पुढे गणपती येतात. या फिरतीत ‘मला नाही जमलं’ म्हणून गिटार माळ्यावर टाकलेली कितीतरी मुलं भेटतात. मी ती खाली काढायला लावतो, वाजवून बघतो, आणि पुष्कळदा ती मलाही धड वाजवता येत नाही. स्वस्त गिटारला माझा विरोध नाही. आमच्या भागात पहिली गिटार स्वस्तच असते आणि असावी. पण ती घेताना काय बघायचं हे मुलांना कुणी सांगत नाही.

माझ्या भाच्याचंच घ्या. हळदीची पट्टी आली तेव्हा ताईनं त्याला इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली. ऑनलाइन मागवलेली, सगळं एकत्र: गिटार, छोटा अ‍ॅम्प, पिशवी, पट्टा, जादा तारा. दिसायला देखणी. मोबाइलवर धडे बघून तो रोज बसायचा. मी घरी गेलो तेव्हा गिटार दाखवायच्या आधीच त्यानं विचारलं, “मामा, माझी बोटं आखूड आहेत का?”

मी गिटार घेतली. मोकळ्या तारा नीट लागत होत्या, पहिल्या तीन फ्रेटांतले कॉर्ड बरे येत होते. पण हात वर सरकेल तसा प्रत्येक सूर चढा लागत होता, बाराव्या फ्रेटवर तर ऐकवेना. असा चढा सूर खाली आणायला ब्रिजवर तार जिथे टेकते ते सॅडल मागे घेतात, म्हणजे तारेची लांबी वाढते. स्क्रूड्रायव्हर लावला तर सगळी सॅडलं आधीच टोकापर्यंत मागे गेलेली. ब्रिजची भोकंच लाकडात पुढे पाडली होती. त्याच्या बोटांचा काही संबंध नव्हता. परत द्यायची मुदत मात्र टळून गेली होती, कारण खोट गिटारमध्ये असू शकते हे त्या मुलाच्या मनातच आलं नव्हतं. ती भोकं बुजवून ब्रिज पुन्हा बसवणं हे मुरलेल्या कारागिराचं काम आहे. तो कारागीर पुण्या-मुंबईत, आणि जाण्यायेण्यासकट खर्च जवळपास नव्या गिटारचा.

तेव्हापासून मी गिटार बघताना एकच वर्गवारी करतो. जी खोट थोड्या पैशांत निघते ती एकीकडे, जी निघतच नाही ती दुसरीकडे. दुकानदार आणि जाहिराती आपलं लक्ष पहिल्या वर्गात गुंतवतात: रंग, पिकअपची नावं, चकचकीत चाव्या. आपण आधी दुसरा वर्ग तपासायचा. त्यात तीनच गोष्टी येतात: नेक, फ्रेट आणि ब्रिजची जागा.

नेकपासून सुरुवात करा. गिटार आडवी डोळ्यांसमोर धरून, बंदुकीचा नेम धरल्यासारखं अंगाच्या बाजूनं नटकडे, म्हणजे चाव्यांजवळच्या खाचांच्या पट्टीकडे, बघा. नेकच्या दोन्ही कडा एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत. एक कड पुढे आणि दुसरी मागे गेली असेल तर नेक पिळवटलेला आहे. किंमत कितीही उतरवून दिली तरी ती गिटार खाली ठेवा. पुढे-मागे साधा बाक असेल तर घाबरायचं कारण नाही. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि जिथे नेक अंगाला मिळतो त्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. जास्त असेल किंवा मुळीच नसेल, तर नेकच्या आतली लोखंडी सळई, जिला ट्रस रॉड म्हणतात, ती पाव फेरा फिरवून जमवता येते. पण ती फिरते का, हे दुकानदाराला तुमच्यासमोर फिरवून दाखवायला लावा. स्वस्त गिटारीत सळईचं तोंड झिजलेलं किंवा जाम झालेलं सापडतं, आणि मग तो बाक कायमचा.

ब्रिजसाठी कंपासपेटीतली पट्टी पुरत नाही, शिंप्याचा टेप न्या. स्ट्रॅटोकास्टर या प्रसिद्ध मॉडेलच्या वळणाच्या गिटारीत तारेची मूळ लांबी ६४८ मिलिमीटर धरलेली असते. बारावा फ्रेट बरोबर निम्म्यावर, म्हणजे नटपासून ३२४ वर. तिथून बारीक तारेच्या सॅडलपर्यंत तेवढंच किंवा एक-दोन मिलिमीटर जास्त अंतर हवं, जाड तारांना त्याहून थोडं अधिक. तार दाबली की ताणली जाते आणि सूर किंचित चढतो, म्हणून ही जादा लांबी. मग फोनवरचं फुकटचं ट्यूनर उघडा. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसतं बोट टेकवून घंटेसारखा सूर काढा, नंतर तिथेच तार दाबून वाजवा. दोन्ही सूर एक आले पाहिजेत. दाबलेला सूर चढा असेल आणि सॅडल मागे सरकायला जागा असेल, तर काम पाच मिनिटांचं आहे. जागाच उरली नसेल तर तीच आमच्या घरची गोष्ट.

फ्रेट तपासायला वेळ लागतो आणि नेमकं तेच कुणी करत नाही. सहाही तारांवर प्रत्येक फ्रेट एकेक करून वाजवा, अ‍ॅम्प न लावता. कुठे झणझण येते, कुठे सूर मेल्यासारखा पटकन विझतो, हे कानानं धरा. संशय आला की एटीएम कार्डाची कड सलग तीन फ्रेटांवर उभी ठेवा. कार्ड डुगडुगलं तर मधला फ्रेट उंच आहे. एखादा उंच फ्रेट ठोकून किंवा घासून बसतो. सगळीकडेच खालीवर असेल तर नाद सोडा. वरच्या फ्रेटांवर बारीक तार ओढून बघा, ओढताना आवाज बंद पडतो का तेही पाहा. लीड वाजवायची तर हे लागणारच.

आपल्याकडच्या हवेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण पुण्या-मुंबईचे जाणकार हे सांगत नाहीत. मार्च ते मे मराठवाड्यातली हवा कोरडी ठाक असते, पारा चाळिशीच्या वर जातो. नेकचं लाकूड सुकून आकसतं, धातूचे फ्रेट आहेत तेवढेच राहतात, आणि त्यांची टोकं कडेनं बाहेर येऊन तळहात ओरबाडतात. मुंबईच्या दमट दुकानात रेशमासारखी लागलेली गिटार औंढ्याला आणून पत्र्याच्या खोलीत ठेवली की उन्हाळ्यात बोचायला लागते. ही खोट घातक नाही. बारीक कानशीनं टोकं घासून पॉलिश पेपर फिरवला की झालं. पण नवी गिटार पावसाळ्यातच बोचत असेल तर उन्हाळ्यात ती रक्त काढेल. पत्र्याखाली, गाडीच्या डिकीत किंवा भिंतीला टांगून गिटार ठेवू नका, पिशवीत घालून घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा.

आता सुटणाऱ्या खोटी. तारा उंच आहेत? बाराव्या फ्रेटवर बारीक तारेखाली दीड आणि जाड तारेखाली दोन मिलिमीटरच्या आसपास अंतर ठेवलं की हात चालतो. सॅडलच्या बारीक स्क्रूनं ते जमतं. पहिल्या फ्रेटवरच फार जोर लागतो? नटच्या खाचा उथळ आहेत, त्या खोल करून मिळतात. चावी फिरवताना तार टिंग करून उडी मारते? खाच अरुंद आहे, तिच्यात पेन्सिलीचं शिसं घासा. नवी गिटार सारखी उतरते म्हणून लगेच चाव्यांना दोष देऊ नका, नव्या तारा ताणून बसायला वेळ घेतात. बारीक तार नेकच्या कडेवरून घसरते? नेक खोबणीत तिरका बसलाय. स्क्रू जरा सैल करून सरळ करता येतो.

हे शेवटचं जमतं ते लिओ फेंडर यांच्या कृपेनं. कॅलिफोर्नियातला हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस स्वतः गिटार वाजवत नसे. १९५० साली त्यांनी बाजारात आणलेल्या गिटारचं अंग म्हणजे सपाट लाकडी ठोकळा होता आणि नेक स्क्रूनं जोडलेला. बनवायला सोपी, दुरुस्तीला सोपी. १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर त्याच रीतीची, आणि आजच्या बहुतेक स्वस्त गिटारी तिच्याच नकला आहेत. लाकूड आता संगणकावर चालणारी यंत्रं कापतात, म्हणून दहा हजारांच्या गिटारचं अंगही नेटकं निघतं. काटकसर होते ती माणसाच्या हातकामात: फ्रेट सारखे करणं, नट कोरणं, शेवटची जुळवणी. म्हणून एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन गिटारींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मॉडेल चांगलं असल्याचं वाचून ऑनलाइन मागवू नका असं मी म्हणतो ते यामुळेच. तुमच्या हातात येणारी गिटार कुणी तपासलेली नसते.

नांदेड-परभणीला जाऊन चार गिटारी हातात घेऊन बघणं शक्य असेल तर बसभाड्याचा विचार करू नका. मागवायचीच असेल तर खोकं उघडताना व्हिडिओ काढा आणि वर सांगितलेलं सगळं त्याच दिवशी तपासा. सगळं एकत्र देणाऱ्या संचात पैसे अ‍ॅम्प आणि पिशवीत वाटले जातात. तेवढ्याच रकमेत नुसती गिटार बरी मिळते, सुरुवातीला हेडफोन-अ‍ॅम्पवर भागतं. खिशात हजार-दीड हजार जुळवणीसाठी राखून ठेवा. जुनी गिटार मिळत असेल तर जरूर बघा, दोन-तीन उन्हाळे काढूनही नेक सरळ राहिला असेल तर ते लाकूड पक्कं झालंय.

अ‍ॅम्पला जोडून बघणं सगळ्यात शेवटी. बटणं फिरवताना खरखर, वायर हलवल्यावर आवाज जाणं, हे थोडक्यात दुरुस्त होतं. गुणगुण मात्र समजून घ्या. एका कॉइलचं पिकअप विजेची ५० हर्ट्झची गुणगुण ओढणारच. ती मारण्यासाठी गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन कॉइल उलट जोडून हंबकर केला. ट्यूबलाइटा आणि जनरेटरच्या मंडपात वाजवणाऱ्यानं निदान ब्रिजपाशी हंबकर असलेली गिटार घ्यावी. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर आतली अर्थची वायर ठीक आहे. हात लावल्यावर वाढली, किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर गिटार तिथेच सोडा.

कारण गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात, आणि गावातल्या मंडपात अर्थिंग असतंच असं नाही. अ‍ॅम्प एका लाइनवर, माईक दुसऱ्या लाइनवर, मध्ये गिटार धरलेला गाणारा; ओठ माईकला लागला की वीज त्याच्या छातीतून जाते. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी शहरात लेस्ली हार्वी हा गिटारवादक अर्थ नसलेल्या माईकला हात लागून रंगमंचावरच गेला. आमच्या पार्टीत कार्यक्रमाआधी माईकच्या जाळीला आणि गिटारच्या तारांना टेस्टर लावून बघतात. दिवा लागला तर मंडपवाल्याला बोलावून अर्थिंग करून घेतलं जातं, गिटार आणि माईक एकाच बोर्डावर आणले जातात, आणि लोक कितीही ओरडले तरी तोवर कुणी तारेला हात लावत नाही. मुलाला गिटार घेऊन द्याल त्याच दिवशी पाचपन्नास रुपयांचा टेस्टरही घ्या, आणि अ‍ॅम्पच्या प्लगची तिसरी पिन कुणालाही मोडू देऊ नका.