दुखणं कागदावर आलं का?

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने एका ऑक्टोबरात घराजवळच्या फार्मसीत फ्लूचा शॉट घेतला. त्याच रात्री तिला डाव्या कुशीवर झोपता येईना. शॉटनंतर हात दोन दिवस ठणकतोच, म्हणून तिने ते अंगावर काढलं. दिवाळी उलटली तरी हात खांद्याच्या वर जाईना. ब्लाउजचे हुक लावणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं, पोळ्या लाटणं, सगळंच अडलं. नाताळाच्या सुमारास रक्तदाब तपासायला गेली तेव्हा तिने खांद्याचंही सांगितलं. डॉक्टरांनी नोंदवलं: खांदेदुखी, काही आठवड्यांपासून. लशीचा उल्लेख नाही.

या एका ओळीने पुढे तिला फार छळलं.

सुई खांद्यावर फार वर टोचली गेली, तर लस दंडाच्या स्नायूत न जाता सांध्यालगतच्या द्रवाच्या पिशवीत जाऊ शकते आणि तिथे दाह सुरू होतो. अमेरिकेत या दुखापतीला ‘सिर्वा’ म्हणतात. हा दोष टोचण्याच्या जागेचा. त्यामुळे बहिणीचा लशीवरचा विश्वास उडालेला नाही आणि उडायचं कारणही नाही.

भरपाईची तिथली व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. १९८०च्या दशकात त्रिगुणी लशीवरून इतके खटले उभे राहिले की कंपन्या लसनिर्मितीतून अंग काढून घेऊ लागल्या. म्हणून १९८६ साली कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९८८पासून भरपाईची राष्ट्रीय योजना सुरू झाली. दावा कंपनीवर नसतो. प्रतिवादी असतात केंद्रीय आरोग्यमंत्री. तो वॉशिंग्टनच्या फेडरल दावे न्यायालयात ‘स्पेशल मास्टर’ ऐकतात, ज्युरी नसते. पैसा लशीवरच्या करातून येतो: एका रोगामागे ७५ सेंट, म्हणजे फ्लूच्या डोसला ७५ सेंट आणि गोवर, गालगुंड, रुबेला या तिन्हींच्या एकत्रित लशीला सव्वादोन डॉलर. कुणाची चूक होती हे सिद्ध करावं लागत नाही. मला हे न्याय्य वाटतं. लस आपण शेजाऱ्यासाठीही घेतो. मग क्वचित कुणाला इजा झालीच, तर तिचा भार त्या एकट्यावर का पडावा?

योजनेत एक तक्ता आहे: कोणती लस, कोणती इजा, किती वेळात. २०१७मध्ये सिर्वा त्यात आला. अटी नेमक्या आहेत. दुखणं ४८ तासांच्या आत सुरू झालेलं हवं, ज्या खांद्यात लस टोचली त्याच खांद्यापुरतं हवं, त्या खांद्याची जुनी तक्रार नको आणि दुखण्याचं दुसरं कारण नको. शिवाय त्रास सहा महिन्यांहून अधिक टिकलेला हवा, किंवा रुग्णालयात राहून शस्त्रक्रिया करावी लागलेली हवी.

बहिणीच्या कागदांत ४८ तास कुठेच नव्हते. त्यात भर म्हणजे फार्मसीच्या नोंदीत लस उजव्या हातात दिल्याचं लिहिलं होतं! तिला तारलं ते शॉटच्या दुसऱ्या दिवशी धाकट्या बहिणीला पाठवलेल्या व्हॉट्सअ‍ॅप निरोपाने, ‘इंजेक्शनचा डावा हात वरच होत नाहीये’, आणि फिजिकल थेरपिस्टने पहिल्याच भेटीत विचारून लिहून घेतलेल्या हकिकतीने. नवऱ्याचं प्रतिज्ञापत्रही जोडलं. दावा तडजोडीत निघाला, पण फार उशिरा.

म्हणून खांदा दोन-तीन दिवसांत सुटला नाही, तर डॉक्टरांकडे जा आणि लस कोणती, कधी, कोणत्या हातात घेतली, दुखणं किती तासांत सुरू झालं, हे सांगा. नोंद रुग्णांच्या पोर्टलवर दिसते. ती त्याच आठवड्यात वाचा, चुकली असेल तर लेखी दुरुस्ती मागा. लशीच्या कागदाचा फोटो काढून ठेवा, त्यावर लॉट क्रमांक असतो. टोचून घेताना बाही पुरती वर करा. गळ्याकडून कपडा खाली ओढला, तर सुई वर जाण्याचा धोका वाढतो.

वकिलाच्या खर्चाला घाबरून थांबू नका. दावा प्रामाणिक आणि साधार असेल तर हरलात तरी वकिलाची फी योजना देते. या कामासाठी वकिलाला तुमच्याकडून पैसे घेता येत नाहीत. वेदनेपोटीची भरपाई मात्र अडीच लाख डॉलरच्या वर जात नाही. पहिलं लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांत दावा दाखल व्हावा लागतो. मृत्यू झाला असेल तर मुदत मृत्यूपासून दोन वर्षं, आणि पहिल्या लक्षणापासून चार वर्षांच्या आत.

कोविडच्या लशींसाठी वेगळी योजना लागू करण्यात आली आणि ती फारच कंजूष आहे: लस घेतल्यापासून एकच वर्ष मुदत, न्यायालय नाही, वकिलाची फी नाही. हा भेद मला अन्यायाचा वाटतो.

आईवडील सहा महिन्यांसाठी मुलांकडे येतात, तिथे त्यांनाही फ्लूचा शॉट दिला जातो. भरपाईच्या राष्ट्रीय योजनेसाठी अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही, हे त्या घरांना ठाऊक असायला हवं. ते परत निघण्यापूर्वी लशीचा कागद आणि डॉक्टरांच्या नोंदींची प्रत त्यांच्या हँडबॅगेत घाला.