शोधनिबंधांची मोजदाद आणि संशोधनाचे मोल

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी येथे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या एका सभेत विज्ञानप्रसाराविषयी बोलण्याचा योग मला आला होता. ज्येष्ठ शास्त्रज्ञ डॉ. कमल रणदिवे यांनी दोनशेहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध केले, असे मी सांगताच मागील रांगेतील एका वयस्क सदस्याने विचारले, "साहेब, दोनशे निबंध म्हणजे काम जास्त, की कागद जास्त?" सभेत हशा पिकला, परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. संशोधनावर होणारा खर्च बव्हंशी जनतेच्या पैशातून होतो. संशोधकांच्या नेमणुका, बढत्या व अनुदाने त्यांच्या प्रकाशित लेखनाची मोजदाद करून ठरविली जातात. आणि त्याच लेखनाच्या आधारावर तयार झालेली लस अखेर आपल्या गावातील बालकाला दिली जाते. म्हणून या मोजदादीचा अर्थ सर्वांनीच समजून घेणे अगत्याचे आहे.

शोधनिबंध आणि त्याचा उल्लेख

प्रयोगशाळेत किंवा रुग्णालयात जे आढळले, ते कोणत्या पद्धतीने आढळले व त्यावरून कोणता निष्कर्ष निघतो, याचे तपशीलवार निवेदन म्हणजे शोधनिबंध. तो नियतकालिकाकडे गेला की त्या विषयातील अन्य तज्ज्ञ त्याची छाननी करतात व त्यानंतर तो छापला जातो. पुढील संशोधक त्याचा उपयोग करतात, तेव्हा आपल्या निबंधात त्याचा उल्लेख करतात. कोणाच्या लेखनाचे असे उल्लेख किती झाले, याची गणना म्हणजेच उल्लेखांची मोजदाद.

आपल्या परिचयाच्या उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. सातबाराच्या उताऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ फेरफाराचा क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून मागे गेले असता जमीन कोणाकडून, कोणत्या हक्काने आली, हे उलगडत जाते. विज्ञानातील उल्लेखही असाच आधीच्या नोंदीकडे बोट दाखवितो. मात्र फेरफारांची संख्या मोठी आहे म्हणून जमीन कसदार आहे असे कोणी म्हणत नाही. कधी कधी तर वाद असलेल्या गटावरच नोंदी अधिक चढलेल्या असतात. विज्ञानातील उल्लेखांचीही गोष्ट पुष्कळशी अशीच आहे.

मोजदादीची साधने

अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये उल्लेखांच्या सूचीची कल्पना मांडली आणि १९६० च्या दशकात अशी सूची प्रत्यक्षात प्रसिद्ध होऊ लागली. जुना निबंध पुढे कोठे कोठे वापरला गेला, याचा माग काढणे हा तिचा मूळ हेतू होता. पुढे नियतकालिकांची तुलना करण्यासाठी 'प्रभावांक' प्रचारात आला. एखाद्या नियतकालिकातील अलीकडच्या निबंधांना सरासरी किती उल्लेख मिळाले, हे तो सांगतो. २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञांनी एकेका संशोधकासाठी 'एच-निर्देशांक' सुचविला. ज्याचे किमान वीस निबंध प्रत्येकी किमान वीस वेळा उल्लेखिले गेले आहेत, परंतु एकवीस निबंधांबाबत तसे म्हणता येत नाही, त्याचा निर्देशांक वीस.

ही साधने उपयुक्त आहेत. केवळ पाने भरणारा आणि इतरांना उपयोगी पडणारा यांतील फरक त्यांवरून काही अंशी कळतो. परंतु आकडा कशाचा आहे आणि कशाचा नाही, हे पाहण्यासाठी आपल्याच राज्यात घडलेल्या एका संशोधनाची हकीकत पाहणे उद्बोधक ठरेल.

एका जंतूची हकीकत

डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म १९१७ मध्ये पुणे येथे झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण घेतल्यानंतर मुंबईत डॉ. व्ही. आर. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळविली. परळ येथील इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर या संस्थेत ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीरातील पेशी शरीराबाहेर वाढविण्याची प्रयोगशाळा त्यांनी उभारली. त्या मूळच्या पेशीजीवशास्त्रज्ञ; त्यांचा मुख्य विषय कर्करोग. तथापि याच प्रयोगशाळेतील कौशल्य त्यांनी कुष्ठरोगाच्या अभ्यासासाठीही वापरले.

कुष्ठरोग हा रोगप्रतिकारशास्त्राच्या दृष्टीने विलक्षण रोग आहे. जंतू एकच, परंतु एकाच्या अंगावर एखादाच बधिर चट्टा उमटतो, दुसऱ्याच्या सर्वांगावर रोग पसरतो, आणि बहुतेकांना तर तो होतच नाही. हा फरक मुख्यतः शरीराच्या प्रतिकारशक्तीचा असतो. या रोगाचा जंतू १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी शोधला. परंतु तो शरीराबाहेर, पोषक द्रव्यात वाढविणे कोणालाही साधले नव्हते.

१९५८ मध्ये डॉ. सी. व्ही. बापट, डॉ. रणदिवे व डॉ. खानोलकर यांनी एका कुष्ठरुग्णापासून मिळालेला व प्रयोगशाळेत वाढणारा जंतू नोंदविला. संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला 'आयसीआरसी' जंतू असे नाव पडले. हाच कुष्ठरोगाचा जंतू आहे काय, यावर जगभर वाद झाला. पुढील तपासण्यांत तो वेगळ्या गटातील जंतू असल्याचे मत प्रस्थापित झाले. खरा कुष्ठजंतू आजही कृत्रिम माध्यमात वाढविता आलेला नाही. म्हणजे या निबंधाच्या उल्लेखांमध्ये मान्यतेचे उल्लेख होते, तसेच आक्षेपाचेही होते. मोजदाद करणाऱ्या सूचीत मात्र दोन्ही सारखेच एक-एक म्हणून धरले जातात.

परंतु हकीकत येथे संपली नाही. जंतू वेगळा असला तरी त्याच्यामुळे शरीरात कुष्ठजंतूविरुद्ध प्रतिकारशक्ती जागी होते, असे दिसून आले. डॉ. एम. जी. देव, डॉ. बापट व त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅमा किरणांनी निष्प्राण केलेल्या या जंतूपासून लस तयार केली. तिची कसोटी तामिळनाडूतील चेंगलपट्टू भागात १९९१ पासून घेण्यात आली. डॉ. मोहन गुप्ते यांच्या नेतृत्वाखालील या चाचणीत १,७१,४०० स्वयंसेवकांनी भाग घेतला. कोणाला कोणती लस व कोणाला केवळ मिठाचे निर्जंतुक द्रावण दिले, हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि घेणाऱ्यालाही. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार संरक्षणाचे प्रमाण असे होते: आयसीआरसी लस ६५.५ टक्के, बीसीजी व मृत कुष्ठजंतू यांची एकत्रित लस ६४ टक्के, केवळ बीसीजी ३४.१ टक्के; एमडब्ल्यू लस २५.७ टक्के. लस न मिळालेल्या गटात जेथे शंभरांना रोग होतो, तेथे आयसीआरसी लस घेतलेल्या तितक्याच मोठ्या गटात सुमारे पस्तिसांना होतो, असा पहिल्या आकड्याचा अर्थ.

ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात सर्वत्र वापरली गेली नाही. १९८० च्या दशकात आलेल्या बहुविध औषधोपचाराने रोग मोठ्या प्रमाणावर आटोक्यात आला होता आणि डिसेंबर २००५ मध्ये देशातील नोंदणीकृत रुग्णांचे प्रमाण दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी झाले. म्हणून ते चाळीस वर्षांचे श्रम वाया गेले असे म्हणता येईल काय? प्रतिकारशक्ती जागवून कुष्ठरोग टाळता येतो, हे त्यांतून मोठ्या लोकसंख्येवर सिद्ध झाले. हे ज्ञान पुढील संशोधकांच्या हाती आहे.

आकडा काय सांगत नाही

या हकीकतीवरून चार गोष्टी ध्यानात येतात. एक, उल्लेख म्हणजे प्रशंसा नव्हे. दोन, एका निबंधाखाली तिघांची नावे असतात, तर मोठ्या चाचणीमागे अनेकांचे हात असतात; श्रेयाची वाटणी आकड्यात दिसत नाही. तीन, उल्लेखांच्या सूचीत सुरुवातीपासून पाश्चात्य देशांतील इंग्रजी नियतकालिकांचा भरणा अधिक होता, त्यामुळे भारतीय नियतकालिकांतील कामाची गणना अपुरी राहिली. चार, ज्या रोगाचे संशोधक जगात थोडे, त्या विषयातील उत्तम निबंधालाही उल्लेख थोडेच मिळतात. कुष्ठरोग हा गरिबांचा रोग आहे, हे येथे विसरता येणार नाही. केवळ नियतकालिकाच्या प्रभावांकावरून संशोधकाची योग्यता ठरवू नये, असे जाहीर आवाहन २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे तयार झालेल्या घोषणापत्राने केले, ते याच कारणांमुळे.

डॉ. रणदिवे यांना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्यांनी अकोले तालुक्यातील आदिवासी बालकांच्या पोषणाचीही पाहणी केली. अशा कामाचे मोल उल्लेखांच्या सूचीत शोधू गेल्यास हाती फारसे लागणार नाही.

अखेरचा दुवा गावात

संशोधनाची साखळी नियतकालिकात संपत नाही. तिचा अखेरचा दुवा गावात असतो, आणि तो निसटला तर आधीचे सर्व दुवे निरुपयोगी ठरतात. ३१ जानेवारी २०२१ रोजी पोलिओ मोहिमेत घाटंजी तालुक्यातच बारा बालकांना लसीऐवजी हात निर्जंतुक करण्याचे द्रावण पाजले गेले. सुदैवाने बालके बचावली. पोलिओच्या लसीमागे जगातील नामवंतांचे असंख्य निबंध व उल्लेख आहेत. परंतु त्या दिवशी गरज होती ती बाटलीवरील चिठ्ठी वाचून पाहण्याची.

यास्तव शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्यांनी दोन सवयी अंगी बाणवाव्यात. 'संशोधनाने सिद्ध' असे कोणी सांगितले, की विचारावे: चाचणी किती लोकांवर झाली? तुलना कशाशी केली? इतरांनी ती पुन्हा करून पाहिली काय? नंतरच्या संशोधकांनी ती मान्य केली, की खोडून काढली? आणि दुसरी सवय अशी की, बधिर चट्ट्याची तपासणी असो वा लसीकरणाचे सत्र, आपल्या गावातील दुवा पक्का आहे ना, हे स्वतः जाऊन पाहावे.

घाटंजीच्या त्या वयस्क सदस्यांना मी त्या दिवशी एवढेच म्हणालो, "काका, कागद मोजता येतात, म्हणून आपण ते मोजतो. काम मात्र तपासावे लागते." त्यांनी मान डोलावली आणि विचारले, "मग आमच्या गावचे तपासायला कधी येता?" त्या गावी जाण्याचा दिवस त्याच सभेत ठरला.