बिल भाडेकरूचं, भिंती मालकाच्या

धायरीत आमची तीन मजली इमारत आहे. तळमजल्यावर आम्ही राहतो आणि वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू. कुणी नोकरीसाठी आलेलं नवं जोडपं, कुणी कॉलेजात शिकणारी मुलं, आणि एक कुटुंब बऱ्याच वर्षांपासूनचं. भाड्याच्या घरात बिल एकजण भरतो आणि ते कमी करण्याचा अधिकार दुसऱ्याकडे असतो. गच्चीवरची टाकी भाडेकरू बदलू शकत नाही. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस पदरचे पैसे घालून चांगला पंखा बसवणार नाही, आणि त्यानं का बसवावा? मालकाला वाटतं, बिल तर तो भरतोय. या दोघांच्या मधल्या जागेतून वीज आणि पाणी वाया जातं. माझं ठाम मत असं, की सुरुवात मालकानंच करायची. जिन्यात ‘दिवे बंद करा’च्या पाट्या लावून बिल उतरत नाही.

१. प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचा मीटर.

महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी चढतो. पहिले १०० युनिट सर्वांत स्वस्त, १०१ ते ३०० बरेच महाग, त्यापुढे ५०० पर्यंत आणि ५०० च्या वर आणखी चढे. चार बिऱ्हाडं एकाच मीटरवर असली आणि प्रत्येकानं महिन्याला ९० युनिट वापरले, तर बिलावर ३६० युनिट येतात. त्यातल्या १०० युनिटनाच स्वस्त दर लागतो, उरलेले २६० महाग पडतात. हीच बिऱ्हाडं स्वतंत्र मीटरवर असली तर कुणाचंच युनिट पहिल्या टप्प्याबाहेर जात नाही. शिवाय वर १६ टक्के वीज शुल्क लागतं, म्हणजे महाग टप्प्यावरचं शुल्कही जास्त. दर जोडणीमागे स्थिर आकार भरावा लागतो, तो हिशेबात धराच. तरीही वेगळं स्वयंपाकघर आणि वेगळा दरवाजा असलेल्या घराला स्वतंत्र मीटर परवडतो, असाच माझा अनुभव आहे.

२. सबमीटर असेल तर मूळ बिल दाखवा.

एकेक खोली भाड्यानं दिली असेल तर दरवेळी स्वतंत्र जोडणी मिळत नाही, मग सबमीटर बसवावा लागतो. अशा ठिकाणी काही मालक युनिटला एक ठोक दर ठरवतात आणि तो खऱ्या दराहून वरचा असतो. मला हे अजिबात पटत नाही. बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट, जो आकडा येईल तोच दर. बिलाचा आणि प्रत्येक सबमीटरचा फोटो भाडेकरूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. यातून आणखी एक गोष्ट साधते. सगळ्या सबमीटरची बेरीज आणि मुख्य मीटरचं रीडिंग यांत मोठी तफावत दिसली, तर इमारतीत कुठेतरी वीज मुरते आहे हे लगेच कळतं. जुन्या वायरिंगमधली गळती आमच्याकडे अशीच सापडली.

३. पाण्याचा खर्च पाण्यापेक्षा मोठा असतो.

धायरी २०१७ साली पुणे महापालिकेत आली. खडकवासला धरण इथून हाकेच्या अंतरावर आहे, पण उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात. वाया गेलेलं पाणी आधी विकत घेतलेलं असतं, मग मोटर लावून वर चढवलेलं असतं. एक अश्वशक्तीची मोटर तासाला साधारण एक युनिट खाते. म्हणून पाणी वाचलं की दोन बिलं उतरतात.

सर्वांत जास्त पाणी फ्लशच्या टाकीतून जातं आणि ते कुणाला दिसत नाही, कारण आवाज होत नाही. टाकीत थोडी नीळ टाका आणि पंधरा-वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात निळी छटा उतरली, तर तळाचा रबरी वॉशर गेलेला आहे. वॉशर स्वस्त असतो. प्लंबर यायला उशीर करतो म्हणून लोक महिनोन् महिने तसंच चालवून घेतात. मी वॉशर, नळाचे स्पिंडल आणि टाकीचा बॉलकॉक घरात आणूनच ठेवते.

दुसरी तपासणी रात्रीची. सगळे झोपल्यावर गच्चीवरच्या टाकीत काठी बुडवून पातळी बघायची आणि पहाटे कुणी नळ उघडायच्या आत पुन्हा बघायची. पातळी उतरली असेल तर गळती आहे. मग एकेका घराचा कॉक बंद करून ती कुठल्या लाइनवर आहे ते शोधता येतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण याच्या इतकी खात्रीची तपासणी मला माहीत नाही.

तिसरं, मोटर माणसाच्या भरवशावर ठेवू नका. टाकी भरली की आपोआप बंद होणारा कंट्रोलर बसवा. तो खालच्या हौदात पाणी नसतानाही मोटर बंद करणारा असावा, कारण कोरडी फिरलेली मोटर जळते आणि रिवाइंडिंगचा खर्च वर्षभराच्या बचतीवर पाणी फिरवतो. गच्चीवरून धो धो वाहणारं पाणी पाहिलं की माझा जीव तुटतो, मग ती इमारत कुणाचीही असो.

४. पंखा मालकानं चांगला द्यावा.

साधा छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. रोज बारा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला सुमारे सोळा युनिट वाचतात. तीन पंख्यांच्या घरात पन्नासच्या जवळपास. ज्या घराचं बिल १२०-१३० युनिटवर अडकलेलं आहे, ते यानं १०० च्या खाली येतं, आणि टप्पा बदलण्याचं महत्त्व वर सांगितलंच आहे. पंखा महाग पडतो हे खरं, पण तो घराचा भाग म्हणून राहतो आणि पुढच्या प्रत्येक भाडेकरूला उपयोगी पडतो. एक बारीक गोष्ट: या पंख्यांना बहुधा रिमोट असतो आणि घर सोडताना तो सामानात जातो. सामानाच्या यादीत रिमोटची वेगळी नोंद करा. भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून साधं बटण बसवा.

५. गरम पाणी.

गिझर म्हणजे दोन हजार वॉटचा खड्डा. आमच्याकडे बोअरचं पाणी क्षारयुक्त आहे, कॉइलवर पांढरा थर चढतो आणि तेवढंच पाणी तापायला जास्त वेळ लागतो. थंडी सुरू होण्याआधी सगळे गिझर उघडून साफ करून घेते आणि थर्मोस्टॅट ५०-५५ अंशांवर लावून देते. त्याहून तापलेल्या पाण्यात पुन्हा गार पाणीच मिसळावं लागतं.

सोलर वॉटर हीटर बसवला तर नळीवर उष्णतारोधक आवरण घाला. नाहीतर तळमजल्यावर गरम पाणी येईपर्यंत दोन बादल्या गार पाणी मोरीत जातं, म्हणजे वीज वाचते आणि टँकर वाढतो. पुणे महापालिका अशा यंत्रणांसाठी मिळकतकरात सवलत देते, मात्र यंत्रणा नीट चालू असली पाहिजे.

६. छतावरची सौर वीज.

‘पीएम सूर्यघर’ योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. त्यात घरगुती ग्राहकाला एका किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिकला ७८,००० रुपये अनुदान आहे. एका किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरावेत, पावसाळ्यात कमी. मालकानं लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की नेट मीटर ज्या जोडणीवर बसतो त्याच बिलातून युनिट वजा होतात. त्यामुळे मालक त्याच इमारतीत राहत असेल, तर आपल्या घराची जोडणी आधी निवडावी.

७. गच्ची पांढरी ठेवा.

एप्रिल-मे महिन्यांत वरच्या मजल्याचा स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला असतो. चायना मोझॅक किंवा पांढरा उष्णतारोधक रंग लावला की एसी आणि कूलर कमी वेळ चालतात. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला याचा जेवढा फायदा होतो तेवढा दुसऱ्या कशाचाच होत नाही.

८. जिना आणि पार्किंग.

सेन्सरचे एलईडी दिवे. यात विचार करण्यासारखं काही नाही, बसवून टाका.

९. किल्ली देतानाच हिशेब लिहा.

करार लेखी आणि नोंदणीकृत असावा, हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ मध्ये आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. त्यात वीज कुणी भरायची, टँकरचा वाटा कसा पडणार, मोटरची वीज कुठल्या मीटरवर, हे स्पष्ट लिहा. किल्ली देताना आणि घेताना दोघांनी मिळून मीटरचा फोटो काढा. मीटर मालकाच्या नावावर असतो, म्हणून थकलेलं बिल शेवटी मालकाच्याच दारात येतं. ग्राहक क्रमांक महावितरणच्या ॲपमध्ये टाकून ठेवा, दर महिन्याला बिल भरलं का ते दिसतं. मुदतीच्या आधी लवकर भरणाऱ्याला एक टक्का सवलत मिळते, ती भाडेकरूला सांगा. बहुतेकांना माहीत नसते.

बिल थकलं म्हणून वीज किंवा पाणी तोडायचा विचारही करू नका. त्याच कायद्याचं कलम २९ पुरेशा कारणाशिवाय अत्यावश्यक सोय बंद करायला मनाई करतं. कायदा नसता तरी लहान मुलं असलेल्या घराचं पाणी बंद करणं मला कधी जमलं नसतं.

१०. तक्रार आली की त्याच दिवशी बघा.

नळ ठिबकतोय हे भाडेकरू एकदा सांगतो. मालकानं ‘बघू’ म्हटलं की तो दुसऱ्यांदा सांगत नाही. आमच्या वरच्या वहिनी आता मोटरचा आवाज बदलला तरी खाली येऊन सांगतात, कारण सांगितल्यावर काम होतं हे त्यांनी पाहिलं आहे.

ही सगळी कामं एकदम होणार नाहीत, खर्चही एकदम झेपणार नाही. पण वॉशर आणि टाकीची तपासणी या फेब्रुवारीतच उरकून घ्या. मार्चनंतर टँकरचा भाव चढतो आणि प्लंबर मिळत नाही.