एक आज्ञावली, अनेक पुडकी

भिवंडीतल्या मागांचा आवाज तुमच्या परिचयाचा आहे. जॅकार्ड यंत्रावर नक्षी विणायची, तर कागदावरील आराखड्यावरून पुठ्ठ्यांना भोके पाडतात. हुकांची संख्या निराळी असलेल्या दुसऱ्या यंत्राला तेच पुठ्ठे चालत नाहीत. आराखडा तोच ठेवून पुठ्ठे नवे पाडावे लागतात.

संगणकाचेही तसेच आहे. माणसाने लिहिलेली आज्ञावली हा आराखडा. कंपायलर तिचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. परंतु प्रक्रियकांच्या प्रत्येक कुळाची यंत्रभाषा वेगळी असते. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे महासंगणक पाहा. 'परम ८०००' (१९९१) मध्ये ट्रान्सप्युटर होते, 'परम १००००' (१९९८) मध्ये अल्ट्रास्पार्क, 'परम पद्म'मध्ये पॉवर-४ आणि 'परम युवा' (२००८) मध्ये इंटेलचे झिऑन. घराणे एक, भाषा चार! मग पुडक्यावर नुसते 'परमसाठी' असे लिहून कसे भागेल?

म्हणून तयार आज्ञावलीच्या पुडक्याच्या नावातच ते कोणत्या यंत्रासाठी आहे हे लिहितात. डेबियन लिनक्सच्या पुडक्याच्या नावात तीन भाग असतात: आज्ञावलीचे नाव, आवृत्ती आणि लक्ष्ययंत्र, उदाहरणार्थ 'एएमडी६४' किंवा 'एआरएम६४'.

येथे दोन गोष्टी नीट ध्यानात घ्या. पहिली, 'एएमडी६४' वाचून इंटेलचा संगणक असणाऱ्याने माघारी फिरू नये. ही ६४ बिटांची यंत्रभाषा एएमडी कंपनीने आखली आणि २००३ मध्ये तिचे प्रक्रियक बाजारात आणले. पुढे इंटेलनेही तीच भाषा स्वीकारली; नाव मात्र राहिले. दुसरी, नाव लक्ष्ययंत्राचे असते, पुडके जेथे तयार झाले त्या यंत्राचे नव्हे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा प्रक्रियक एआरएम कुळातला आहे. त्याच्यासाठीचे पुडके इंटेलच्या संगणकावर बांधले, तरी नावात 'एआरएम' हेच येते.

करून पाहा: शाळेतील लिनक्स संगणकावर 'युनेम' ही आज्ञा 'उणे एम' जोडून द्या. उत्तर 'एक्स८६_६४' आले तर सहसा 'एएमडी६४'चे पुडके घ्यावे. 'एआर्च६४' आले तर 'एआरएम६४'चे.

आता एक प्रश्न. डेबियनच्या काही पुडक्यांवर लक्ष्ययंत्राच्या जागी 'ऑल', म्हणजे 'सर्व', असे लिहिलेले असते. अक्षरवळणांचे म्हणजे फाँटचे पुडके त्यांपैकीच एक. त्याला यंत्राचे बंधन का नसावे? आराखडा आणि पुठ्ठे आठवा, उत्तर सापडेल.